केफिर सतत फुटतंय, पाणी सोडतंय? आधी दाणे मोजा

केफिर म्हणजे लवचिक, चिकट ‘दाणे’ दुधात टाकून आंबवलेलं दूध. दूध आंबलं की दाणे गाळून पुन्हा ताज्या दुधात टाकायचे, ही एक फेरी. नवे दाणे रुळले की काही दिवस सगळं सुरळीत चालतं. ओतता येईल इतपत घट्ट, बेताचं आंबट, थोडं फसफसणारं केफिर रोज मिळतं. मग एक दिवस बरणीत तळाशी पिवळट-हिरवं पाणी आणि वर तरंगणारा रबरी गोळा दिसतो. दुसऱ्या दिवशी आपण दोन-तीन तास आधी गाळतो आणि ते सुधारतं. आठवड्याभरात पुन्हा तेच पाणी, पुन्हा तोच गोळा. वेळ आणखी कमी करावी लागते. असं करत करत काही जण २४ तासांवरून दहा-बारा तासांवर येतात आणि तरीही केफिर फुटतच राहतं.

मग संशय दुधावर जातो, बरणीवर जातो, ‘दाणे बिघडले’ इथपर्यंत जातो. बिघडणं दूरच, बहुतेक वेळा दाणे उत्तम असतात आणि जोमानं वाढत असतात. पुन्हापुन्हा फुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे: दाणे वाढले, दूध तेवढंच राहिलं.

हा हिशोब कागदावर मांडला की लगेच लक्षात येतो. दाणा म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आणि यीस्ट यांची एकत्र वस्ती. त्यांना धरून ठेवणारा लवचिक, चिकट भाग केफिरान नावाच्या बहुशर्करेचा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळीचा) आणि प्रथिनांचा असतो, आणि ते केफिरानही वस्तीतले जिवाणूच बनवतात. रोज ताजं दूध मिळालं की वस्ती पसरते. एका फेरीत ५ टक्के वाढ धरली, तर रोज एक फेरी करणाऱ्याकडे दोन आठवड्यांत दाणे दुप्पट होतात. म्हणजे अर्ध्या लिटर दुधात १५ ग्रॅम दाणे टाकून सुरुवात केली असेल तर पंधरवड्यानं त्याच दुधात ३० ग्रॅम असतात. दाण्यांच्या तेहेतीसपट दूध होतं, ते सतरापटीच्या आसपास आलं. रोजच्या रोज बघणाऱ्याला ही वाढ दिसत नाही, आणि ‘एक चमचा दाणे’ हे माप पहिल्या दिवसानंतर कोणी पुन्हा वापरतही नाही.

कृतीतला ‘२४ तास’ हा आकडा अशा वेळी निरुपयोगी होतो. तो एका ठरावीक तापमानाला, ठरावीक प्रमाणाला लागू असतो. ती दोन्ही बदलली की घड्याळ बघण्यात अर्थ नाही, बरणी बघावी लागते.

आता फुटतं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू, कारण त्यावरूनच बरणी वाचता येते. ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ ते ६.७ च्या आसपास असतो. दुधात पावणेपाच टक्क्यांच्या आसपास दुग्धशर्करा असते. जिवाणू तिचं लॅक्टिक आम्ल करू लागतात आणि सामू उतरायला लागतो. तो ४.६ पर्यंत आला की केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना दूर ढकलेनासे होतात, चिकटतात, आणि त्यांचं जाळं तयार होतं. दूध घट्ट होतं ते या जाळ्यामुळे. पाणी जाळ्यात अडकून राहतं. इथे थांबलं तर केफिर एकजीव असतं. पुढेही आम्ल वाढत राहिलं की जाळं आक्रसतं आणि आतलं पाणी बाहेर पिळून काढतं. ते पाणी पिवळट-हिरवं दिसतं ते त्यातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वामुळे, कुजल्यामुळे नाही. त्यातच यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडत असतं. त्याचे बुडबुडे आक्रसलेल्या दह्याला वर उचलतात आणि पाणी खाली राहतं. दह्यात पाणी वर साचतं आणि केफिरमध्ये बऱ्याचदा तळाशी, त्याचं कारण हा वायू.

म्हणून पाणी किती आणि कुठे सुटलं ते बघायचं. बरणीच्या भिंतीलगत एखाद-दुसरा पाण्याचा खिसा दिसायला लागला असेल तर केफिर नुकतंच तयार झालंय, ती गाळायची योग्य वेळ. तळाशी दोन बोटं पाणी आणि वर अखंड गोळा, तर काही तास उशीर झाला. हलवून गाळा, पिता येतं, फक्त आंबट लागेल. पूर्ण पाणी वेगळं आणि वर दाणेदार चोथा, तर खूप उशीर झाला. तरी वास स्वच्छ आंबट असेल तर तेही खराब नसतं. अशा बरणीतून दाणे शोधणं मात्र कंटाळवाणं काम. चोथ्याचे गोळे दाण्यांसारखेच दिसतात. बोटांत दाबून बघा: चोथा चुरडतो, दाणा दबून परत फुगतो.

उपाय सरळ आहे. दाणे गाळणीत मिनिटभर निथळू द्या आणि वजन करा. घरच्या साध्या डिजिटल काट्यावर हे होतं. खोलीचं तापमान २० ते २२ अंश सेल्सियस असेल तर दाण्यांच्या वीस-पंचवीसपट दूध घ्या. २५ ते २८ अंशाला चाळीसपट. ३० च्या वर गेलं तर पन्नास-साठपट, आणि तरीही बरणीवर नजर ठेवा. हे आकडे सुरुवात करण्यापुरते. तुमच्या दाण्यांत यीस्ट किती जोरात आहे, दूध कसलं आहे यावर ते थोडे इकडेतिकडे होतील. आठवड्यातून एकदा वजन करून जास्तीचे दाणे काढून टाकायचे, एवढी सवय लागली की हे दुखणं सहसा परत येत नाही.

वेळ कमी करून काम भागतं तर दाणे कशाला काढायचे, असं वाटू शकतं. भागतं, पण चव जाते. खूप दाणे आणि थोडा वेळ असं केलं की आम्ल झपाट्यानं वाढतं आणि सुगंध देणाऱ्या बाकीच्या क्रियांना अवधीच मिळत नाही. शिवाय दहा तासांत तयार होणाऱ्या बरणीत ‘आत्ता गाळा’ आणि ‘उशीर झाला’ यांत तास-दीड तासाचंच अंतर उरतं. झोप लागली की संपलं. कमी दाण्यांची बरणी सावकाश चालते आणि तुम्हाला सवड देते.

तापमान हा दुसरा संशयित. केफिरला दह्यासारखी ऊब लागत नाही, आणि इथे दही लावण्याची सवय आड येते. दह्याच्या नेहमीच्या विरजणातले जिवाणू ४० ते ४५ अंशाला खुशीत असतात. केफिरमधल्या वस्तीला २० ते २५ अंश पुरतात. बरणी गुंडाळून ठेवणं, ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवणं हे केफिरसाठी फुटण्याला आमंत्रण. कोमट दूध वापरायचीही गरज नाही, आणि गरम दूध दाण्यांवर ओतलं तर वस्तीतला काही भाग मरतो. दूध तापवलं असेल तर पूर्ण निवू द्या. फ्रिजमधलं थंड दूध थेट वापरलं तर नुकसान काही नाही, सुरुवात तेवढी उशिरा होते.

उकाड्यात बरणी पाण्यानं भरलेल्या पातेल्यात उभी करा आणि वरून ओलं फडकं गुंडाळा, त्याची टोकं पाण्यात बुडलेली ठेवा. बाष्पीभवनानं काही अंश उतरतात. तेवढ्यानं भागत नसेल तर काही तास बाहेर आणि उरलेला वेळ फ्रिजमध्ये असं वाटून घ्या. फ्रिजमध्ये आंबणं पूर्ण थांबत नाही, मंदावतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी केफिर तयार मिळतं आणि अनेकदा पोतही जास्त मऊ असतो.

दोष प्रमाणाचा की तापमानाचा हे ठरत नसेल तर अंदाज बांधत बसू नका. एकाच पिशवीतलं दूध दोन बरण्यांत सारखं घ्या. एकीत नेहमीएवढे दाणे, दुसरीत निम्मे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. निम्म्या दाण्यांची बरणी उशिरा पण एकजीव जमली तर प्रमाण हेच कारण. दोन्ही जवळपास एकाच वेळी फुटल्या तर जागा गरम आहे, बरण्या हलवा. दोन्ही व्यवस्थित आंबल्या तरी पातळ आणि पाणचट राहिल्या तर दुधाकडे बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दूध, बरणी, जागा आणि वेळ असं सगळं एका दिवशी बदललं तर केफिर सुधारेलही कदाचित, पण कशानं ते कळणार नाही, आणि मग पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सामू मोजायच्या पट्ट्या मिळत असतील तर जरूर घ्या, पण ३.८ ते ५.५ अशा अरुंद पल्ल्याच्या. १ ते १४ दाखवणाऱ्या पट्टीवर ४.२ आणि ४.६ मधला फरक कळत नाही. पट्टी घट्ट दुधात बुडवली तर रंग झाकला जातो. सुटलेल्या पाण्याचा थेंब पट्टीवर टाका. ४.६ ते ४.२ च्या दरम्यान बहुतेकांना आवडेल असं केफिर मिळतं. ४ च्या खाली ते चांगलंच आंबट होतं.

दुधाबद्दल. तापवून मग गार केलेल्या दुधाचं केफिर जास्त घट्ट होतं आणि पाणीही कमी सोडतं. कारण ८५ अंशाच्या आसपास वीस-तीस मिनिटं ठेवलं की दुधाच्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं उलगडतात आणि केसीनच्या कणांना चिकटतात. मग जे जाळं बनतं ते जास्त पाणी धरून ठेवतं. नुसती एक उकळी आणून लगेच बंद केलेल्या दुधात हे अर्धवटच होतं. साय काढलेल्या दुधाचं केफिर पातळ होणारच, त्यात कोणाचा दोष नाही. खोक्यातलं टिकाऊ दूध चालतं, पण पोत अनेकदा सैल येतो. निरसं दूध मात्र आधी तापवून घ्या. आंबटपणा सगळे रोगजंतू मारतो हा समज धोक्याचा आहे, काही जंतू आम्लातही तग धरून राहतात.

बदाम, सोया, ओट यांच्या दुधात दुग्धशर्करा नसते. दाणे त्यात काही फेऱ्या काम करतात, पण वाढत नाहीत आणि हळूहळू थकतात. त्यांना अधूनमधून जनावराच्या दुधात परत आणावं लागतं.

आता उलटी तक्रार: केफिर जमतच नाही. नवे किंवा वाळवलेले दाणे, किंवा बरेच दिवस फ्रिजमध्ये पडून असलेले, पहिल्या काही फेऱ्या कुचकामी असतात. त्यांना अगदी थोडं दूध द्या, दाणे जेमतेम बुडतील त्याहून थोडं जास्त, आणि रोज बदला. भरपूर दूध देऊन बरणी दोन दिवस तशीच ठेवणं ही यातली खरी धोक्याची चूक, कारण दूध आंबायच्या आधीच नासतं. केफिरला सुरक्षित ठेवतं ते आम्ल. खोलीच्या तापमानाला २४ तास झाले आणि दूध ना आंबट लागत, ना घट्ट होत, तर ते ओतून द्या. दाणे ठेवा, दूध जाऊ द्या. रुळलेले दाणेही अचानक थंडावले तर एकदा दूध बदलून बघा. जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात आला तर आंबवणारे जिवाणू अडतात. दुसऱ्या दुधात ते लगेच सावरले तर कारण सापडलं.

पुडीतल्या कोरड्या विरजणावर केफिर करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पहिलं केफिर वापरून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं करत गेलात की काही पिढ्यांनी ते पातळ आणि बेचव होतं. त्यात दाण्यासारखी बांधलेली वस्ती नसते, तोल ढळत जातो. तुमच्या हाताला काही झालेलं नाही, नवी पुडी उघडा.

वासाच्या तक्रारीत सगळ्यात जास्त ऐकू येते ती पावाच्या किंवा बिअरच्या वासाची. यीस्ट वरचढ झालं की असं होतं, आणि उष्णता व सारखं ढवळणं या दोन्हींनी यीस्टला बळ मिळतं. बरणी थंड जागी हलवा, दाणे कमी करा, आंबत असताना ढवळू नका, वेळेवर गाळा. आठवडाभरात तोल परत येतो. दाणे नळाच्या पाण्याखाली खसाखसा धुणं हा या वासावर सांगितला जाणारा उपाय मला पटत नाही. दाण्यांवरचा चिकट थर म्हणजेच वस्ती, आणि नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. दाणे तुपकट, पिवळट झाले असतील, साय चिकटली असेल, तर थोड्या ताज्या दुधात हलके हलवून घ्या. एरवी धुऊच नका.

केफिरला तार सुटणं, म्हणजे चमचा उचलला की लाळेसारखा धागा येणं, बघायला किळसवाणं असलं तरी अपायकारक नाही. काही जिवाणू लांबलचक बहुशर्करा बनवतात, आणि गारव्यात ही प्रवृत्ती वाढते. काही देशांत असं तार येणारं आंबवलेलं दूध मुद्दाम केलं जातं. तुम्हाला नको असेल तर बरणी दोन-तीन अंश उबदार जागी ठेवा, तार आलेलं केफिर पुढच्या बरणीत जाऊ देऊ नका, दाणे नीट निथळून घ्या. काही फेऱ्यांत जातं. बाटलीत जोरात हलवलं तरी तार बरीच तुटते, ते पिण्यापुरतं पुरेसं आहे.

कडवटपणा बहुतेक वेळा प्रथिनं तुटल्यामुळे येतो: दूध जुनं असेल किंवा तयार केफिर फ्रिजमध्ये फार दिवस राहिलं असेल. ताजं दूध, छोटा घाणा.

वर तरंगणारा जाड, पिवळसर थर बघून बरेच जण बरणी ओतून देतात. एकजिनसी न केलेल्या, म्हणजे साय वर येते अशा दुधात तो बहुतेक वेळा सायीचा थर असतो, आंबून घट्ट झालेला. चमच्यानं ढवळला की मिसळतो. दाण्यांवर किंवा पृष्ठभागावर पांढरी, मखमली, सुरकुतलेली साय दिसली तर ती यीस्टची किंवा यीस्टसारख्या बुरशीची असते. ती काढून दाणे काही फेऱ्या थोड्या दुधात फिरवा, बरणी उकळत्या पाण्यानं धुवा. केसाळ ठिपके, किंवा हिरवा, काळा, गुलाबी किंवा नारिंगी रंग असेल तर मात्र वाद घालायचा नाही. केफिरही टाका, दाणेही टाका. वरचा ठिपका काढला तरी बुरशीचे धागे आत गेलेले असतात.

भांडं काचेचं असावं. स्टीलची गाळणी, स्टीलचा चमचा चालतो; धातूचा स्पर्श झाला की दाणे मरतात ही भीती स्टीलपुरती निराधार आहे. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ यांत केफिर ठेवू नका, आम्लानं धातू उतरतो. आंबताना तोंडावर फडकं बांधा किंवा झाकण सैल ठेवा.

आणि बाटल्या. गाळल्यानंतरही यीस्ट काम करत असतं, फळांचे तुकडे किंवा साखर घातली तर दुप्पट जोरानं. घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत असं केफिर खोलीत ठेवणं म्हणजे काच फुटायची वाट बघणं. बाटली काठोकाठ भरू नका, पाचवा भाग रिकामा ठेवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या. दाब किती झालाय हे कळायला त्याच घाण्यातलं थोडं केफिर प्लास्टिकच्या बाटलीत भरून शेजारी ठेवा. ती दगडासारखी कडक लागली की काचेचीही उघडायची वेळ झाली. यीस्ट थोडं मद्यही बनवतं, साधारणपणे एक टक्क्याच्या आत, पण साखर घालून दिवसेंदिवस ठेवलेल्या बाटलीत ते वाढतं. मद्य पूर्ण टाळणाऱ्यांनी आणि लहान मुलांना देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दुग्धशर्कराही पूर्ण संपत नाही, कमी होते. रोगप्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर घरचं केफिर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दर आठवड्याला काढलेल्या जास्तीच्या दाण्यांचं काय करायचं? दोन-तीन आठवड्यांपुरते ठेवायचे असतील तर ताज्या दुधात बुडवून फ्रिजमध्ये. त्याहून लांबवर ठेवायचे तर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदा बुडवा, स्वच्छ फडक्यावर टिपून कोरडे करा, दुधाच्या भुकटीत घोळवा आणि घट्ट पिशवीत फ्रीझरमध्ये टाका. काही महिने टिकतात. पिशवीवर तारीख आणि वजन लिहा. बरणीत कधी बुरशी आली तर हेच दाणे कामाला येतात.